चौल, रेवदंडा आणि कोर्लई : एका प्राचीन बंदरातील एक दिवस

रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर कुंडलिका नदी समुद्रास मिळते. या खाडीच्या उत्तर काठावर चौल आणि रेवदंडा ही जोडगावे आहेत. दक्षिण काठावर समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या डोंगराच्या पायथ्याशी कोर्लई हे गाव वसले आहे. ही तिन्ही गावे मिळून एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरील एक महत्त्वाचे बंदर होते. वसई, चौल, दमण आणि दीव ही पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'तील प्रमुख ठाणी. त्यामुळे वसईकर ख्रिस्ती समाजाचा आणि या परिसराचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. तरीही आपल्यापैकी पुष्कळ जण अलिबागचा समुद्रकिनारा पाहून परततात आणि पुढील अर्ध्या तासाच्या अंतरावरील हा ठेवा पाहावयाचा राहून जातो. एका दिवसात हे बंदर कसे पाहावे, काय पाहावे आणि ते पाहताना कशाचे स्मरण ठेवावे, यासंबंधीची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

प्राचीन चौल

चौलचा उल्लेख दोन हजार वर्षांपासून मिळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील सागरी मार्गदर्शिकेत या किनाऱ्यावरील बंदरांच्या यादीत 'सेमुल्ला' हे नाव येते. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी त्यास 'सिमुल्ला' म्हणतो. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत 'चेमुल' येथील दात्यांनी दिलेल्या देणग्यांची नोंद आहे. म्हणजे येथील व्यापारी त्या काळी बौद्ध भिक्षूंना आश्रय देण्याइतके संपन्न होते. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी याने 'सैमूर' या नावाने याच बंदराचे वर्णन केले असून, तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. त्या वेळी येथे शिलाहारांचे राज्य होते. हिंदू राजाच्या छत्राखाली परदेशी व्यापाऱ्यांची एवढी मोठी वस्ती आपला धर्म पाळून सुखाने नांदत होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

ज्यू समाजाचाही या परिसराशी जुना संबंध आहे. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ जहाज फुटल्यामुळे किनाऱ्यास लागले. ते तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. त्यांची घरची भाषा मराठीच झाली. या समाजातील बहुसंख्य कुटुंबे पुढे मुंबईस आणि नंतर इस्रायलला गेली. रेवदंड्यातील त्यांचे प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, या सहवासाची साक्ष देते.

सकाळ : आक्षी आणि चौल

मुंबईहून येणाऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास जाणारी रो-रो बोट घ्यावी. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली असून, तीतून स्वतःचे वाहनही नेता येते. गेटवेवरून सुटणाऱ्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात, हे ध्यानात असावे. मांडव्याहून अलिबाग आणि तेथून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की नारळी-पोफळीच्या वाड्या दोन्ही बाजूंस दिसू लागतात. या बागायती पट्ट्यास 'अष्टागर' असे म्हणतात.

पहिला मुक्काम आक्षी येथे करावा. येथील शिलालेख मराठी भाषेतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. त्यावरील काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला गेला असून, तो शिलाहार राजा केसिदेव याच्या काळातील आहे. दगड मोठा नाही आणि अक्षरे झिजलेली आहेत. परंतु आपण ज्या भाषेत प्रार्थना करतो आणि ज्या भाषेत हा लेख लिहिला आहे, तिच्या लेखी आयुष्याच्या आरंभीच्या खुणांपैकी ही एक आहे. दिवसाच्या शेवटी कोर्लईस पोहोचल्यावर या दगडाची आठवण वाचकांना पुन्हा होईल.

आक्षीहून पुढे नागाव आणि मग चौल लागते. चौलमध्ये रामेश्वराचे मंदिर व त्यापुढील पुष्करणी पाहावी. गावाबाहेरील टेकडीवर दत्तात्रेयाचे स्थान आहे. तेथे मार्गशीर्ष पौर्णिमेस मोठी जत्रा भरते. त्याच परिसरातील हिंगलाज देवीच्या टेकडीवर लहान बौद्ध लेणी आहेत. मुसलमानी अमलातील हमामखान्याची वास्तूही येथे अवशेषरूपाने उभी आहे. अवघ्या दोन-तीन तासांत बौद्ध, हिंदू आणि मुसलमानी काळाच्या खुणा पाहून होतात. चौल हे रेशमी वस्त्रे आणि घोड्यांचा व्यापार यांसाठी प्रसिद्ध होते. इराणच्या आखातातून घोडे येथे उतरत आणि घाटावरच्या राजवटींकडे जात.

अशाच एका घोड्यासह १५व्या शतकात एक रशियन व्यापारी चौलला उतरला. त्वेर शहरातील या व्यापाऱ्याचे नाव अफनासी निकितिन. त्याचा प्रवास १४६६ ते १४७२ च्या दरम्यानचा मानला जातो. वास्को द गामा भारतात येण्यापूर्वी सुमारे तीन दशके तो येथे आला होता. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' हे त्याचे टिपण प्रसिद्ध आहे. चौलहून तो पालीमार्गे जुन्नरला गेला. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्मांतर केल्यास तो परत देऊ, अशी अट घातली. निकितिनने अट मान्य केली नाही. एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने रदबदली केल्यामुळे त्यास घोडा परत मिळाला. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तके लुटल्यामुळे ईस्टरचा सण केव्हा येतो हे आपणांस कळत नाही, अशी खंत त्याने आपल्या टिपणात नोंदविली आहे. सोबत ना धर्मगुरू, ना पंचांग, ना धर्मबंधू, अशा स्थितीत उपवास पाळू पाहणाऱ्या या प्रवाशाच्या स्मरणार्थ रेवदंडा येथे काळ्या दगडाचा स्तंभ उभारण्यात आला. तो आवर्जून पाहावा.

दुपार : रेवदंड्याचा कोट

पोर्तुगीज या बंदरात १६व्या शतकाच्या आरंभी आले. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीतच त्यांचा मोठा पराभव झाला. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी मिळून त्यांच्या जहाजांवर हल्ला केला. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, व्हाइसरॉयने दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला. त्यानंतर अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी १५२१ ते १५२४ या काळात येथे किल्ला बांधला. जुन्या चौलपासून हे ठाणे वेगळे होते. तेच आजचे रेवदंडा.

रेवदंड्याचे वैशिष्ट्य असे की, संपूर्ण गावच कोटाच्या आत आहे. अलिबागहून येणारा रस्ता तटबंदीतूनच आत शिरतो. वाड्यांमधून, घरांच्या परसदारी, नारळीच्या बुंध्यांमागे पडक्या भिंती, कमानी आणि दगडी चौकटी दिसतात. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेज्वीट आणि ऑगस्टिनियन या संघांच्या संस्था येथे होत्या. सर्वांत लक्षवेधक अवशेष म्हणजे 'सातखणी मनोरा'. हा फ्रान्सिस्कन चर्चचा घंटाघराचा मनोरा असून, नावाप्रमाणे त्यास सात मजले होते. आज ते सर्व शिल्लक नाहीत. डोमिनिकन चर्चच्या उंच भिंतीही पाहण्यासारख्या आहेत. संत फ्रान्सिस झेवियर यांनी येथे प्रवचन केल्याची परंपरा असून, त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान प्रार्थनालयाचे अवशेष दाखविले जातात.

हे अवशेष पाहताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, या भिंतींमध्ये श्रद्धा आणि सत्ता एकत्र नांदत होत्या. पोर्तुगीज राजवटीत सेवाभावी धर्मगुरू होते, रुग्णसेवा होती, शाळा होत्या. त्याचबरोबर देवळांचा विध्वंस, इन्क्विझिशनचा धाक आणि गुलामांचा व्यापारही होता. ख्रिस्ती वाचकांनी या दोन्ही बाजू प्रामाणिकपणे जाणून घ्याव्यात. केवळ अभिमान किंवा केवळ संकोच यांपैकी कशानेही इतिहास समजत नाही. दुसरी गोष्ट अशी की, हे अवशेष लोकांच्या राहत्या जागेत आहेत. वाड्यांचे मालक त्यांची राखण करतात. आत जाण्यापूर्वी त्यांना विचारावे. भिंतींवर चढू नये, दगड हलवू नयेत.

१५७० मध्ये निजामशहा मूर्तझा याने चौलला वेढा दिला. त्याच वेळी विजापूरच्या आदिलशहाने गोव्यास वेढा घातला होता. अनेक महिन्यांच्या झुंजीनंतर १५७१ मध्ये तह झाला आणि ठाणे पोर्तुगीजांकडेच राहिले. पुढे १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्यानेही चौलला वेढा दिला होता. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर उत्तर प्रांताचा कणाच मोडला. १७४० च्या तहानुसार पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई ही दोन्ही ठाणी मराठ्यांच्या स्वाधीन केली.

बंदराचे वैभव मात्र त्याआधीच ओसरू लागले होते. १६३६ मध्ये निजामशाही संपली आणि घाटावरची मोठी गिऱ्हाइकी गेली. सुरत बंदर भरभराटीस आले. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांस मिळाली. १७व्या शतकाच्या उत्तरार्धात चौलचे रेशीम विणकर मुंबईस जाऊन स्थायिक झाले. म्हणजे चौल केवळ तोफांनी पडले नाही. कारागीर आणि व्यापारी दुसरीकडे गेल्यावर उरलेला कोट फार काळ टिकणे शक्य नव्हते.

तिसरा प्रहर : कोर्लईचा किल्ला

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून समुद्राच्या कडेने कोर्लईस जाता येते. डोंगराच्या एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस खुला समुद्र आणि मध्ये माथ्यावर लांबट, अरुंद किल्ला. ज्याच्या हाती हा डोंगर त्याच्या ताब्यात बंदराचे तोंड, हे येथे उभे राहिल्यावर सहज कळते. निजामशहाने पोर्तुगीजांना शह देण्यासाठी येथे किल्ला उभारला. १५९४ च्या सप्टेंबरमध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि पुढे स्वतःच्या पद्धतीने वाढविला.

दीपगृहाच्या बाजूने चढ सोपा आहे. आत एकामागोमाग एक दरवाजे, तोफा, पाण्याचे टाके, महादेवाचे लहान देऊळ आणि छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती आहेत. देऊळ आणि चर्च यांच्यातील अंतर थोडेच आहे. किल्ल्यावर सावली नाही, म्हणून ऊन उतरल्यावर जावे, पाणी सोबत ठेवावे. पावसाळ्यात दगड निसरडे असतात. लहान मुलांना तटाच्या कडेस जाऊ देऊ नये. परत येताना आणलेला सर्व कचरा खाली आणावा.

सायंकाळ : कोर्लई गाव आणि तेथील भाषा

आमच्या मते या दिवसातील सर्वांत मोलाची गोष्ट गडावर नसून गावात आहे. कोर्लईत कोळी बांधवांची वस्ती आहे, तशीच ख्रिस्ती समाजाचीही आहे. येथील चर्च कार्मेल मातेस समर्पित असून, १६ जुलै हा तिच्या सणाचा दिवस आहे. येथील ख्रिस्ती कुटुंबे घरात एक वेगळी बोली बोलतात. बाहेरचे लोक तिला 'क्रिस्ती' म्हणतात. गावकरी तिला 'नॉ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात.

ही बोली पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून जन्मली. चौलच्या ठाण्यातील पोर्तुगीज शिपाई, त्यांची मिश्र संतती, धर्मांतरित स्थानिक लोक आणि गुलाम यांच्यात ती घडली. १७४० नंतर सत्ताधारी निघून गेले, परंतु हे साधे लोक येथेच राहिले आणि शेती करू लागले. गोवा आणि पोर्तुगाल यांच्याशी त्यांचा संपर्क बहुतांशी धर्मगुरूंपुरताच उरला. १९६० च्या दशकापर्यंत येथे पोर्तुगीज जाणणाऱ्या धर्मगुरूंची परंपरा होती. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–१९६५) उपासना लोकभाषेत होऊ लागली आणि चर्चमध्येही मराठी आली.

या बोलीतील बहुतेक शब्द पोर्तुगीज मुळाचे आहेत, पण वाक्याची बांधणी मराठीच्या वळणाने जाते. पोर्तुगीज भाषेत क्रियापद कर्माच्या आधी येते, तर कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येऊ लागले. भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा दीर्घ अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामुळे जगभरच्या विद्यापीठांत कोर्लईचे नाव पोहोचले. आपल्या मराठीनेही पोर्तुगीजांकडून पाव, बटाटा, चावी, पगार, काजू, अननस, पाद्री असे कितीतरी शब्द घेतले. मराठीने शब्द घेतले आणि आपला सांगाडा राखला. कोर्लईच्या बोलीने शब्द राखले आणि सांगाडा मराठीकडून घेतला.

आज ही बोली बोलणारे हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहेत. मुलांचे शिक्षण मराठीत आणि आता इंग्रजीतही होते. तरुण नोकरीसाठी बाहेर जातात आणि विवाहसंबंध बाहेरच्या गावांत होतात. शाळा आणि नोकरी यांची वाट अडविणे कोणीही इच्छिणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, मुलांना नवीन भाषा मिळत असताना आजीची भाषा सुटलीच पाहिजे काय?

हा प्रश्न दूरच्या गावाचा नाही. मुंबई, साष्टी आणि वसई या भागांतही एके काळी अशीच पोर्तुगीज मिश्र बोली होती. मोन्सिन्योर सेबास्तियन रुदोल्फ दालगादो या गोमंतकीय धर्मगुरू-पंडिताने १९०६ मध्ये 'उत्तरेकडील इंडो-पोर्तुगीज बोली' या विषयावर लेखन करून तिची नोंद केली. ती बोली आपल्याकडे आता ऐकू येत नाही. आपल्या घरांतील सामवेदी आणि वाडवळी या बोली आज जिवंत आहेत. परंतु पुढील पिढीशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, याचा हिशेब प्रत्येक कुटुंबाने करावयास हवा. आक्षीचा दगड हजार वर्षे उन्हापावसात टिकला, कारण त्यावर कोणीतरी लिहिले होते. कोर्लईची बोली फारशी लिहिली गेली नाही. ती टिकली ती केवळ आई मुलाशी बोलत राहिली म्हणून. लिखित ठेवा काही काळ दुर्लक्ष सोसू शकतो. बोलीच्या बाबतीत मात्र दोन पिढ्यांचे मौन पुरेसे असते.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या सहलीस उत्तम. सकाळी लवकर निघाल्यास आक्षी, चौल, रेवदंडा आणि कोर्लई ही चारही ठिकाणे सूर्यास्तापूर्वी पाहून होतात. वेळ कमी असेल तर चौलमधील टेकड्या पुढील भेटीसाठी ठेवाव्यात, पण रेवदंडा आणि कोर्लई गाळू नयेत. रविवारी जाणाऱ्यांनी कोर्लईच्या चर्चमध्ये पवित्र मिस्सात सहभागी व्हावे. मिस्साची वेळ आधी विचारून घ्यावी आणि त्यानुसार कार्यक्रमाचा क्रम उलटा करावा.

कोर्लई हे नांदते गाव आहे, प्रदर्शन नव्हे. वाटेत भेटेल त्याला 'तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा' असे म्हणू नये. न विचारता घरांची वा माणसांची छायाचित्रे घेऊ नयेत. पाहुणा म्हणून जावे, नमस्कार करावा, विचारपूस करावी. गप्पा रंगल्या तर भाषेचा विषय आपोआप निघतो. धर्मग्राम समित्या, युवक मंडळे आणि संडे स्कूलचे शिक्षक यांनी मुलांना येथे अवश्य न्यावे. नेण्यापूर्वी मुलांना एक काम द्यावे : आपल्या आजी-आजोबांना विचारून घरच्या बोलीतील वीस शब्द, एखादी म्हण आणि एखादी प्रार्थना वहीत लिहून आणावी. कोर्लईहून परतल्यावर त्या वह्या धर्मग्रामात एकत्र कराव्यात. त्यासाठी निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. वीस मुलांच्या वीस वह्यांतून एका बोलीचा लहानसा कोश तयार होऊ शकतो. हे काम आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या हयातीतच होणे आवश्यक आहे.